आई सांगलीत, आम्ही ल्युबेकला

जहाजाची हौस यांची. सगळी नोकरी फौजेत झाली, ती एक तर बर्फात नाहीतर वाळूत. "समुद्र तेवढा राहिला बघ," असं हे साताऱ्याच्या घरी चहा पिताना अधूनमधून म्हणायचे आणि मी ऐकून सोडून द्यायची. मी सरकारी दवाखान्यात सिस्टर होते. निवृत्त झाले, मुलीचं लग्न झालं, आणि मग एक दिवस मीच म्हटलं, चला, तुमचा समुद्र करून टाकू. पुण्याच्या एका टूरवाल्यांबरोबर जायचं ठरलं. युरोपच्या उत्तरेला मोठं जहाज फिरतं, रोज नव्या बंदराला लागतं. दिवसभर उतरून तिथली जुनी गावं बघायची आणि संध्याकाळी परत जहाजावर यायचं. ग्रुप सगळा मराठी.

अडचण होती ती आईची.

आई सांगलीला राहायची. नदीच्या बाजूच्या वसाहतीत वडिलांनी बांधलेलं बैठं घर. वर गच्ची आहे, पण जायला बाहेरून लोखंडी शिडी. खुब्याचं हाड मोडल्यापासून ती वॉकर धरून चालायची. संडासात खाली बसता येईना म्हणून मी तिला भांड्याची खुर्ची आणून दिली होती. मी एकुलती एक. साताऱ्याला चल म्हटलं की म्हणायची, "तिथं तिसऱ्या मजल्यावर नेऊन मला कोंडणार व्हय?" शेवटी तिच्या सोबतीला दुष्काळी म्हसवडकडची एक बाई मिळाली. नवरा गेलेला, मुलगा मेंढरं घेऊन फिरतीवर, अंगानं काटक, पन्नाशीच्या आसपासची. आई तिला म्हसवडकरीण म्हणायची, म्हणून आम्हीही तेच म्हणू लागलो. दोघींचं जमलं. म्हणजे भांडण रोज व्हायचं, पण जेवायला एकीशिवाय दुसरी बसायची नाही.

निघायच्या आधी आईला भेटून आले. "बोटीत एवढं काय बघायचं असतं?" तिनं विचारलं. मी सांगितलं, बोटीतून उतरून गावं बघायची. "मग गाडीनं जायचं की," ती म्हणाली, आणि जरा वेळानं, "थंडी असंल. कानाला बांध."

पाऊस तेव्हा साधाच होता. आमच्याकडं एक गोष्ट लहान पोरालाही ठाऊक असते. पाऊस साताऱ्यात पडतो आणि पाणी सांगलीत चढतं. महाबळेश्वरला, कोयनेच्या खोऱ्यात चारदोन दिवस कोसळला की सांगलीतली माणसं आयर्विन पुलावर पाणी किती चढलं त्याचे फुटांचे आकडे बघायला जातात. आम्ही विमानात बसलो तेव्हा असं काही नव्हतं. जहाजावर पहिले काही दिवस मजेत गेले. हे पहाटे उठून डेकवर फेऱ्या मारायचे, समुद्राकडं बघून हात मागं बांधून उभे राहायचे. इन्स्पेक्शनला आल्यासारखे. रोज आईला फोन व्हायचा. "हिकडं लय पाऊस," म्हसवडकरीण म्हणायची, पण तिला पाऊस म्हटलं की तो लयच वाटायचा.

त्या दिवशी जहाज जर्मनीच्या किनाऱ्याला लागलं. सकाळी विस्मार, दुपारनंतर ल्युबेक, अशी दोन जुनी गावं बसनं दाखवणार होते. नाश्त्याच्या टेबलावर फोनला रेंज आली आणि एकामागून एक मेसेज पडायला लागले. सगळे माझ्या चुलतभावाचे. तो माधवनगरला राहतो, तिथं नदीचं भय नाही. "आक्का, पाणी चढाय लागलंय. धरणातनं अजून सोडणार म्हणत्यात. काकीला माझ्याकडं आणतो." शेवटचा मेसेज थोड्या वेळापूर्वीचा होता. "गाडी घेऊन निघालोय."

यांना वाचून दाखवलं. "गेला ना तो? मग झालं," हे म्हणाले. मलाही वाटलं, झालं.

विस्मारला बस थांबली तोवर सांगलीत दुपार झाली होती. घड्याळ तिथं साडेतीन तास पुढं. गावाच्या मधोमध एवढा मोठा चौक, की आमचा अख्खा ग्रुप त्यात मूठभर दिसत होता. जमिनीत दगड बसवलेले, चहूबाजूंनी निमुळत्या कपाळाची रंगीत घरं. चौकाच्या कोपऱ्यात घुमटीसारखी एक बांधणी होती. गाइड म्हणून पांढऱ्या केसांच्या एक बाई होत्या, हातात लाल छत्री उंच धरलेली. त्या इंग्रजीत सांगायच्या आणि आमची टूर मॅनेजर, पुण्याची मुलगी, मराठी करून सांगायची. पूर्वी लाकडी नळांतून पाणी आणून या घुमटीतून सगळ्या गावाला पुरवायचे, असं ती सांगत होती, तेवढ्यात माझा फोन वाजला. व्हिडिओ कॉल. चुलतभाऊ आईच्या बैठकीत उभा होता.

"आक्का, तूच सांग बाई हिला. तासभर झालं, ऐकंना झालीय. गाडी दारात हाय. पाणी कोपऱ्याच्या दुकानापर्यंत आलंय."

त्यानं फोन आईच्या हातात दिला. आधी तिचं कपाळ दिसलं, मग छत, मग पुन्हा कपाळ.

"आई, जा त्याच्याबरोबर."

"मागं आलं तवा ओट्याला लागून परत गेलं. तुझे वडील असताना."

"या वेळी जास्त आहे म्हणतात. दोन दिवसांचा प्रश्न आहे. जा."

तिनं भावाला आणि म्हसवडकरणीला बाहेर जायला सांगितलं. मला ते ऐकू आलं, "जरा भाईर जावा, मला लेकीशी बोलायचंय." फोन तोंडाजवळ आणून ती हलक्या आवाजात म्हणाली, "तिथं मी बसायचं कुठं?"

मला एका क्षणात कळलं. चुलतभावाचं घर दोन खोल्यांचं. संडास मागच्या अंगणात, पायऱ्या उतरून. घरात त्याची सून, दोन वाढती नातवंडं.

"खुर्ची बरोबर घेऊन जा. गाडीत बसते ती."

"आन ठेवायची कुठं? त्याच्या बैठकीत? पोरांच्या देखत?"

"आई, पडदा लावतील. म्हसवडकरीण आहे ना बरोबर."

"तू असतीस तर गोष्ट वेगळी," ती म्हणाली. रागावून नाही. आहे ते सांगितल्यासारखं. "उद्या बघू. उद्या आणखी चढलं तर जाते."

सगळी नोकरी मी म्हाताऱ्या माणसांना, ती नको म्हणत असताना, उचललं आहे. त्यांच्याशी बोलत बोलत एक हात पाठीखाली घालायचा, एक गुडघ्याखाली, आणि त्यांचं वाक्य संपायच्या आत उचलायचं. मी सांगलीत असते तर आईला विचारलंच नसतं. इथं मी दगडी चौकात उभी होते आणि माझ्या हातात फक्त फोन होता. मी विनवण्या केल्या, शेवटी ओरडले. ग्रुपमधल्या दोघीतिघींनी वळून बघितलं. आईनं फोन भावाकडं दिला.

"उचलून ने तिला," मी त्याला म्हटलं.

"आक्का, काकीला हात कसा लावू मी? शिव्या घालत्या ती." तो खरंच गोंधळला होता. "सांजच्याला परत येतो. तवर गल्लीतल्या पोरास्नी सांगून ठेवतो, ध्यान ठेवा म्हणून."

लाल छत्री पुढं निघाली होती. हे माझ्यासाठी मागं थांबले होते. आम्ही एका चर्चपाशी गेलो. चर्च म्हणजे नुसता मनोरा होता, खूप उंच, विटांचा. बाकीची इमारत युद्धात मोडली, पुढं ती पाडून टाकली, आणि ती जिथं होती तिथं जमिनीवर नुसती तिची आखणी ठेवली आहे. माणसं त्या आखणीत उभं राहून फोटो काढत होती. मला कुणीतरी म्हणालं, ताई, सरका जरा, फोटोत येताय. मी सरकले.

ल्युबेकला जाताना बसमध्ये म्हसवडकरणीचा फोन आला.

"ताई, गटारीतनं पानी उलटं याय लागलंय. न्हाणीतनं बी."

पूर असाच येतो. दारातून यायच्या आधी मोरीतून येतो. मी तिला सांगितलं, पोती, पिठाचे डबे कशालाच हात लावू नका. आईच्या गोळ्या, चष्मा, पाण्याच्या बाटल्या एका पिशवीत भरा. मेन स्विच बंद करा. "दाराशेजारी आहे, लाल बटण, खाली ओढायचं." तिनं ओढलं. "आन आता अंदार झाला की," ती म्हणाली.

चुलतभावाला लावला. तो परत निघाला होता, पण रस्ता बंद झाला होता. पोलीस कुणाला पुढं सोडत नव्हते. मग यांनी फोन हातात घेतला. सांगलीत यांच्या पलटणीतली काही माणसं आहेत. एकेकाला लावून हे मोठ्यानं बोलत होते, "सासूबाई अडकल्यात, पत्ता लिहून घे, बोट पायजे." पुढच्या सीटवरच्या काकांनी गाण्यांच्या भेंड्या थांबवल्या. एक मित्र म्हणाला, बोटी निघाल्यात पण आधी पलीकडच्या गावांत गेल्यात, माणसं झाडांवर आहेत तिथं. दुसऱ्याचा फोन लागलाच नाही. तिसरा स्वतःच गच्चीवर बसला होता.

"पत्ता दिलाय सगळ्यांना," हे मला म्हणाले. "कोण ना कोण पोचंल." मग खिडकीतून बाहेर बघत बसले. बाहेर गव्हाची शेतं होती, पिवळी, कोरडी, आणि एवढी सपाट की नजर कुठं अडतच नव्हती.

टूर मॅनेजर माझ्याशेजारी येऊन बसली. तिनं विचारलं, "मावशी, तुम्हाला परत जायचंय का? मी ऑफिसशी बोलते." तिनं खरोखर बोलून बघितलं. इथून दुसऱ्या शहरात जायचं, तिथून विमान, मग दुसरं विमान, मुंबई, मग कऱ्हाड. कसंही केलं तरी परवाची संध्याकाळ होत होती, आणि कऱ्हाडच्या पुढं रस्ता बंद. "परवा जाऊन मी काय करणार?" मी म्हटलं. ती मुलगी रडवेली झाली. मलाच तिच्या पाठीवर हात ठेवावा लागला.

ल्युबेकमध्ये शिरताना एक मोठी वेस लागते. दोन गोल जाडजूड बुरूज, टोकाला काळ्या टोप्या, आणि दोन्ही जमिनीत खचून एकमेकांकडं झुकलेले. वेशीच्या पुढं नदी, तिच्यावर पूल. नदीकाठी विटांची उंच घरं, जुन्या काळी मीठ साठवायची. सगळं चित्रासारखं सुंदर होतं, आणि नदी अशी, की कुणी तिला तिथं जागा आखून दिली आहे. तिच्यात लहान बोटी सावकाश फिरत होत्या, पर्यटकांना घेऊन. मी त्या बोटी बघत राहिले. एवढ्या बोटी, आणि सगळ्यांत मोकळ्या जागा.

गाइडबाईंनी एका भिंतीवर खुणा दाखवल्या. जुन्या काळी समुद्राचं पाणी चढून आलं तेव्हा कुठवर लागलं होतं, त्याच्या खुणा. त्या हौसेनं सांगत होत्या, हात डोक्याच्या वर नेऊन. टूर मॅनेजरनं मराठी करायला सुरुवात केली, "इथे एकदा पाणी..." आणि माझ्याकडं बघून थांबली. "पुढे जाऊ या," म्हणाली.

तिथंच, त्या पुलावर, म्हसवडकरणीचा शेवटचा फोन आला.

"ताई, पानी घरात आलं. खाटंला लागलं. आज्जीला टेबलावर खुर्ची ठिवून बशिवलंय. मी धरून उभी हाय."

"पाणी कुठवर आहे तुमच्या?"

"मांडीपतूर. लय गार हाय ओ ताई. सापागत कायतरी गेलं आत्ता पायाजवळनं."

"शेजारचं कुणी नाही का? हाका मारा."

"मारल्या की. समदी गच्चीव गेल्यात. आज्जीला शिडी कशी चढवू मी एकटी?" ती धापा टाकत होती. "ताई, मला पवाय येत न्हाई. आमच्यात हिर आटलेली, टँकर यायचा. मी कवा बगितलंय एवढं पानी?"

मागून आईचा आवाज आला, "तिला म्हणावं, घाबरवू नगंस पोरीला."

"आईला द्या फोन."

"न्हाई देता येत. एका हातानं तिला धरलंय. फोन लाल दावतोय, ताई. बंद पडंल." मग तिचा आवाज एकदम लहान मुलीसारखा झाला. "तुमी ठिवू नका. बोलत राव्हा."

मी बोलत राहिले. काय बोलले ते मला धड आठवत नाही. दवाखान्यात बाळंतिणीशी बोलतात तसं असावं. दम लावा, मी आहे, आत्ता येईल कुणीतरी, मी आहे. मी कुठं होते? फोन कधी बंद पडला ते मला कळलं नाही. मी बराच वेळ बोलत होते आणि पलीकडं कुणी नव्हतं. यांनी माझ्या कानापासून फोन खाली घेतला.

"गेला," हे म्हणाले.

पुन्हा लावला. पुन्हा. फोनवरची बाई इंग्रजीत सांगायची, मग मराठीत, की ही व्यक्ती संपर्कक्षेत्राच्या बाहेर आहे.

ग्रुपला तास-दीड तास मोकळा दिला होता, खरेदीसाठी. त्या गावात बदामाची एक मिठाई करतात, बर्फीसारखीच, फळांच्या आकाराची. सगळे त्या दुकानात गेले. आम्ही दोघं नदीकाठच्या बाकावर बसलो. ग्रुपमधल्या एक बाई परत आल्या आणि माझ्या हातावर त्या मिठाईचं एक छोटं नासपती ठेवून निघून गेल्या. मी ते मुठीत धरून बसले. मला ते खाववेना आणि टाकवेनाही.

हे नदीतल्या बोटी बघत होते. मग म्हणाले, "आमची आई गेली तवा मी वर होतो."

मला ते माहीत होतं. त्यांची आई आमच्या गावी वारली. मी घरात होते, मुलगी लहान होती. तार केली, पण वर यांच्या चौकीचा रस्ता बर्फानं बंद होता. हे पोचले तेव्हा तेरावाही होऊन गेला होता. घरात आल्यावर त्यांनी आईची खाट कुठं ठेवली एवढंच विचारलं होतं.

"वायरलेसवर कळलं मला. हवालदारानं येऊन सांगितलं. तोवर आठवडा झाला होता तिला जाऊन."

"मग काय केलंत तुम्ही त्या दिवशी?"

"राशन आलं होतं वर. उतरवून घेतलं. काय करणार? रॉकेलचे डबे होते. मोजून घेतले. रात्री पोरांनी खिचडी दिली ती खाल्ली. चव लागली होती तिला, ते मला लय दिवस खटकत होतं."

एवढ्या वर्षांच्या संसारात हे मी पहिल्यांदा ऐकत होते. तेव्हा मी सगळं निस्तरत होते, माणसं, स्वयंपाक, मुलगी, सगळं. मला वाटायचं, हे तिकडं सुटले आणि सगळं माझ्या अंगावर आलं. सुटणं नव्हतं ते. पण त्यांनी ते मला शिकवण म्हणून सांगितलं नव्हतं. ते फक्त बोलले आणि पुन्हा नदीकडं बघायला लागले. त्यांनी माझा हात धरला नव्हता, आमच्यात ती सवय नाही. पण माझ्या मांडीवरची पर्स त्यांनी काढून स्वतःच्या मांडीवर घेतली.

जहाजावर परतलो. ते कुणासाठी थांबत नाही. वेळेवर भोंगा झाला आणि किनारा हलायला लागला. मी डेकवर कठड्याला धरून उभी होते, फोन वर धरून. रेंजच्या दांड्या कमी कमी होत गेल्या. त्या वेळी माझ्या मनात आलं ते असं की, पाणी आता टेबलाला लागलं असेल. खुर्चीला लागलं असेल. आई उंचीनं लहान आहे. मी पुढचं मनात येऊ दिलं नाही. खाली जेवायला बोलावत होते. मी जेवले नाही. हे जेवले. जेवून वर आले आणि माझ्याबरोबर उभे राहिले, खूप अंधार होईपर्यंत, आणि तिकडं उन्हाळ्यात अंधार लवकर होत नाही.

सकाळी जहाजाच्या इंटरनेटवर चुलतभावाचा मेसेज उतरला. "काकी सुखरूप. शाळेत आहे. सांजच्याला काढली." सोबत फोटो होता. शाळेचा वर्ग, भिंतीला टेकून आई बसलेली, अंगावर कुणाची तरी चादर. तोंड वळवलेलं. तिला फोटो काढायचा नव्हता हे दिसत होतं. मी तो फोटो यांना दाखवला आणि मग मला उलटी झाली.

जहाज अजून दोन बंदरांना लागायचं होतं. आम्ही उतरलो, बघितलं, चढलो. माझ्याकडं त्या गावांचे फोटो आहेत, गावांची नावं मला सांगता येणार नाहीत.

त्या संध्याकाळी काय झालं ते मला पुढं तुकड्यातुकड्यानं कळलं. यांच्या मित्रांपैकी कुणी पोचू शकलं नव्हतं. वसाहतीच्या टोकाला एका ऊसवाल्याचं बंद पडलेलं गुऱ्हाळ होतं. तिथल्या दोघांनी रस आटवायची मोठी काहील पाण्यात सोडली आणि दोर बांधून गल्लीगल्लीतून ओढत नेली. आमच्या दारात आले तेव्हा पाणी टेबलाच्या वर होतं. आई खुर्चीत होती, म्हसवडकरीण टेबलावर चढून तिला मागून धरून उभी. आईला काहिलीत बसवलं, पण म्हसवडकरीण बसेना. शेवटी एकानं तिला अक्षरशः ओढून आत टाकलं. रस्ताभर ती डोळे मिटून नाथबाबाच्या नावानं चांगभलं म्हणत होती, आणि आई तिला म्हणत होती, "आगं गप, कानठळ्या बसल्या."

आम्ही सांगलीला पोचलो तेव्हा पाणी उतरलं होतं. आई माधवनगरला चुलतभावाच्या घरी होती. मला बघून तिनं "आलीस?" एवढंच म्हटलं. मी तिच्या पायांना हात लावून बघितला. सूज होती, कातडी सोललेली. मी औषध लावत होते, तिची नजर भिंतीकडं होती. घरातली बाकी माणसं बाहेर गेल्यावर ती म्हणाली, "शाळंत उघड्यावर बसावं लागलं मला. म्हसवडकरणीनं लुगडं आडवं धरलं म्हणून." मी "आता मी आहे ना," असं काहीतरी म्हटलं. तिनं मान हलवली. ती मला बरं वाटावं म्हणून.

घर बघायला हे आणि चुलतभाऊ गेले, मीही गेले. सगळीकडं चिखल, पार पंख्याच्या पात्यांवरसुद्धा. वास असा की रुमाल बांधूनही आत जाववेना. गाद्या फुगून फाटल्या होत्या. भांड्याची खुर्ची मोरीच्या दारात अडकून पडली होती. यांनी फावडं घेतलं आणि काढायला सुरुवात केली. तीन माणसांनी आठवडाभर काढलं तरी ते घर आईला राहण्यासारखं झालं नाही.

म्हसवडकरणीला मी विचारलं, साताऱ्याला येता का आईबरोबर? ती माधवनगरच्या घरी ओट्यावर बसून तांदूळ निवडत होती.

"न्हाई ओ ताई. मी जाते माझ्या गावाला."

"तिसऱ्या मजल्यावर घर आहे आमचं. तिथं पाणी येत नाही."

"ठाव हाय. पर मला आता नळ सोडला तरी भ्या वाटतंय. रातच्याला जाग येती, पाय गार पडत्यात." तिनं सूप खाली ठेवलं. "आज्जीला मी सोडलं न्हाई बगा. सोडून शिडी चढता आली असती मला. मनात आलं बी हुतं. तुमास्नी सांगून टाकते."

"मी तिथं असते तर माझ्याही आलं असतं," मी म्हटलं.

"न्हाई, तुमची आई हाय ती," ती म्हणाली आणि पुन्हा निवडायला लागली.

दुसऱ्या दिवशी हे तिला एसटीत बसवून आले. आईनं तिला निरोप द्यायला तोंड वर केलं नाही. दार लागल्यावर मात्र विचारलं, "खिडकीजवळची जागा मिळंल का तिला?"

आई आता साताऱ्याला आमच्याकडं आहे. जिना उतरता येत नाही म्हणून खाली जात नाही. बाल्कनीतून डोंगर दिसतो, तो बघत बसते. मी तिचं सगळं करते, सगळी नोकरी केलं तसंच, आणि ती मला करू देते. माझ्याशी भांडत नाही. हेच मला सोसत नाही. पाऊस लागला की ती विचारते, "तिकडं काय झालं असंल?" तिकडं म्हणजे सांगलीला. मी फोनवर आकडा बघून सांगते. ती ऐकते आणि डोंगराकडं बघते, तिथं ढग खाली उतरलेले असतात.

महिन्या-दोन महिन्यांनी म्हसवडकरणीचा फोन येतो. मी आईच्या कानाला लावून धरते.

"पाऊस हाय का गं तुज्याकडं?" आई विचारते.

"कुटला ओ आज्जी. टँकर चालू हाय."

"मग ये की हिकडं."

"येते की. सुगी झाली की येते."

"मागच्या बारीला बी हेच म्हणली हुतीस."

पलीकडं ती हसते. मग दोघी गप्प बसतात, आणि मी फोन तसाच धरून उभी राहते, कुणीतरी आधी बोलेल म्हणून.